रंग ओळखू येईनात म्हणून चित्रकला सुटली, आणि त्यांनी माळरानावर लोखंडाची भट्टी पेटवली

मिरजेहून पुण्याकडे जाणारी गाडी पकडली, की वाटेत किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. खिडकीतून बघितलं तर झाडी, वसाहत आणि कारखाना दिसतो. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे यातलं काहीच नव्हतं. स्टेशनचं नावही वेगळं होतं, कुंडल रोड. आजूबाजूला निवडुंग, साप आणि उन्हात तापलेलं माळरान.

एका माणसाने तिथे येऊन कारखाना काढला आणि स्टेशनला त्याचं आडनाव मिळालं. हा माणूस इंजिनिअर नव्हता. त्याला व्हायचं होतं चित्रकार. पण ऐन शिकताना कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत.

त्यांचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. पंप, नांगर, इंजिन यामुळे हे आडनाव सगळ्यांना माहीत आहे. पण आज त्यांची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने बघू. भट्टीच्या बाजूने. कारण ज्या काळात भट्टीतली आग फक्त डोळ्याने जोखली जायची, त्या काळात त्यांनी कारखाना चालवला. आज तेच काम धुराड्यावर बसवलेला ऑप्टिकल ऑक्सिजन अ‍ॅनलायझर करतो, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने ऑक्सिजन मोजणारं यंत्र. हे यंत्र कसं चालतं आणि ते का लागतं, हे लक्ष्मणरावांच्या गोष्टीतून फार सोपं कळतं.

गुर्लहोसूरचा पोरगा मुंबईला गेला

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव भागातलं गुर्लहोसूर. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच कुळातले. घरात शिक्षणाचं आणि धर्मग्रंथांचं वातावरण. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाने शाळेत नीट शिकावं, रीतसर मार्गाने जावं, अशी घरची अपेक्षा होती.

लक्ष्मणरावांचं मन दोनच गोष्टींत रमायचं. चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. शाळेत लक्ष नव्हतं. शेवटी थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, त्यांनी खर्च उचलला आणि १८८५ मध्ये सोळा वर्षांचे लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षं बरी गेली. मग रंगकामात गडबड व्हायला लागली. रेषा अचूक, प्रमाण अचूक, पण रंग चुकायचे. त्यांना अंशतः रंगांधळेपणा होता. आजच्या मुलाला हे डॉक्टर दहा मिनिटांत सांगतात. तेव्हा मात्र वडिलांच्या मनाविरुद्ध घर सोडून आलेल्या पोरासाठी हा सगळं संपल्यासारखा धक्का होता.

परत गावी जाणं सोपं होतं. ते गेले नाहीत. रंग जमत नाहीत तर नाही, रेषा तर जमतात ना, असा विचार करून त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला. यंत्राच्या आराखड्यात रंगाचं काहीच काम नसतं. तिथे लागतं ते माप. किती इंच, किती अंश, कुठला भाग कुठे बसतो. डोळ्याला काय वाटतं याला तिथे किंमत नाही, पट्टी काय सांगते याला आहे. लक्ष्मणरावांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं वळण इथेच ठरलं.

सायकलचं दुकान आणि हुकलेली बढती

या शिक्षणावर त्यांना मुंबईतच नोकरी मिळाली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय. तिथे ते यांत्रिक रेखाटन शिकवायचे. वर्ग संपला की वर्कशॉपमध्ये यंत्रांपाशी जाऊन बसायचे.

त्याच काळात मुंबईत सायकल नवीन होती. लक्ष्मणरावांना तिने वेड लावलं. मुंबईतून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा उद्योग दोघा भावांनी सुरू केला. १८८८ मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव लागलं ते या सायकलच्या धंद्यावर. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि चालवायलाही शिकवायची. हजारो कोटींच्या उद्योगसमूहाची सुरुवात ही अशी आहे.

नोकरीत मात्र मन लागेना. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला ती दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास बेळगाव गाठलं. पोटापाण्याचा बांधलेला पगार सोडून सायकलच्या दुकानात येणं, हे तेव्हाच्या पांढरपेशा घरांत वेडेपणाचंच लक्षण होतं.

लोखंडामुळे जमीन नासते म्हणे!

बेळगावात छोटं वर्कशॉप सुरू झालं. आधी कडबा कापायचं यंत्र. मग परदेशी पुस्तकं आणि मासिकं मागवून, चित्रं बघून, मापं काढून, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला.

माल चांगला होता. गिऱ्हाईक मात्र एकही नाही. शेतकऱ्यांमध्ये समज पक्का होता, की लोखंड जमिनीत घातलं की विष उतरतं आणि माती नासते. लाकडी नांगर बापजाद्यांपासून चालत आलेला, तो मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करतो. मग हा जड लोखंडी प्रकार कशाला घ्यायचा? पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. शेतकरी मूर्ख होता असं अजिबात नाही. एकदा फसलेला हंगाम त्याचं वर्षभराचं अन्न काढून घेतो. त्यामुळे लोखंडी नांगर पहिल्याच नांगरटीत सरस ठरायला हवा होता. आणि नांगराचं सगळं काम त्याच्या फाळावर. फाळ मऊ निघाला तर काळ्या जमिनीत झिजतो. ठिसूळ निघाला तर दगडाला लागून मोडतो. एक फाळ मोडला की गावभर बोभाटा, आणि त्या गावात पुढचा नांगर विसरा.

फाळ मऊ होणार की ठिसूळ, हे कुठे ठरतं? भट्टीत. तिकडे आपण येणारच आहोत.

एक बेघर कारखानदार, एक चित्रकार राजा

नांगर खपायला लागला आणि तेवढ्यात बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला तिथे नवी वस्ती वसवायची होती. यंत्रं, माणसं, कच्चा माल, सगळं घेऊन जायचं कुठे?

मदतीला आले औंधचे राजे, भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं गाव. संस्थान लहान, पण राजा हरहुन्नरी. स्वतः चित्रं काढायचा, सूर्यनमस्काराचा प्रचार करायचा. चित्रकला हुकलेला कारखानदार आणि चित्रकार राजा यांचं जमलं. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळजमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाने दिले.

१९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या माळावर उतरली. पाणी नाही, सावली नाही. आधी निवडुंग तोडला, मग झोपड्या बांधल्या, मग कारखाना. हीच किर्लोस्करवाडी.

आज औंध सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची आहे.

भट्टीत नेमकं घडतं काय?

त्या काळात बीड, म्हणजे ओतीव लोखंड वितळवायला कपोला वापरायचे. उभा नळकांड्यासारखा लोखंडी पिंप, आतून भाजक्या विटांचं अस्तर. वरून कोक, लोखंड आणि चुनखडीचे थर टाकायचे. खालून भोकांमधून जोराची हवा मारायची. कोक जळतो, लोखंड वितळून खाली जमतं, मग भोक फोडून ते साच्यात ओतायचं. सांगली-कोल्हापूरकडच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही.

यात इंधन महत्त्वाचं वाटतं. खरा खेळ हवेचा असतो.

हवेत सुमारे २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. हवा कमी पडली तर कोक अर्धवट जळतो. कार्बन डायऑक्साइडच्या जोडीने कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणूस मारतो. शिवाय कोकमधली अर्धी उष्णता धुराड्यातून निघून जाते.

हवा जास्त झाली तर दुसरं दुखणं. जादा हवा तापवण्यातच इंधन जातं. वर वितळलेल्या लोखंडातलं सिलिकॉन, मँगनीज जळतं आणि ओतकाम कडक, ठिसूळ निघतं. म्हणजे शेतात दगडाला लागून मोडणारा फाळ.

हे समजायला सोपं उदाहरण घरातलं आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळ ओगलेवाडी आहे. तिथे ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ मध्ये सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घराघरात गेला. तुमच्या आजीला विचारा. कंदिलाची खालची जाळी धुळीने भरली की काय व्हायचं? ज्योत लालसर व्हायची आणि काच काजळीने काळी पडायची. रॉकेल तेच, वात तीच. कमी पडायची ती हवा. आजी जाळी साफ करायची आणि ज्योत परत स्वच्छ. कपोला म्हणजे हाच कंदील, फक्त दोन मजली.

फरक एवढाच, की कंदिलाची ज्योत काचेतून दिसते. भट्टीत मिस्त्री छोट्या भोकातून डोकावायचा. आगीचा रंग, ठिणग्यांची तऱ्हा, धुराचा काळेपणा, लोखंडाची धार कशी वाहते, यावरून हवा कमीजास्त करायचा. वीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस हे जमवायचा. पण तो आजारी पडला, गावाला गेला, किंवा त्याचा अंदाज चुकला तर सगळी ओतणी वाया.

आता विचार करा. जिथे सगळी मदार रंगावर, अशा धंद्याचा मालक होता रंग नीट न ओळखणारा माणूस. त्यांनी माणसं मात्र हेरून जमवली होती. शंभोअण्णा जांभेकर यांच्यासारखा यंत्राचं मन ओळखणारा सहकारी त्यांच्याकडे होता. ज्याला जे दिसतं ते काम त्याला द्यायचं, हे लक्ष्मणरावांना नेमकं कळत होतं.

युद्ध आलं, माल थांबला

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी नांगर बोटीने यायचे बंद झाले, त्यामुळे किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. पण लोखंड, कोक, रंग, सगळंच मिळेना. गिऱ्हाईक दारात आणि भट्टी थंड, अशी गत.

त्या दिवसांची एक आठवण आजही सांगितली जाते. जुन्या किल्ल्यांवर गंजत पडलेल्या तोफा मिळवून त्या वितळवल्या आणि त्याचे नांगर केले. युद्धाच्या काळात तोफेचा नांगर होणं, ही उलटी गंगा माळरानावरच्या कारखान्यात वाहिली.

पण भंगारातलं लोखंड आणि मिळेल ते इंधन वापरणं, हे सांगायला सोपं आहे. इंधन बदललं की हवेचं गणित बदलतं. प्रत्येक नव्या मालाबरोबर भट्टी नव्याने शिकावी लागते. मोजायला यंत्र नव्हतं. ओतायचं, तोडून बघायचं, परत ओतायचं. शिकण्याची किंमत वाया गेलेल्या ओतकामात मोजायची, एवढाच मार्ग होता.

याच काळात या नांगरांचा प्रचार करत गावोगाव फिरणाऱ्यांमध्ये एक तरुण होता, भाऊराव पाटील. पुढे त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणू लागला. साताऱ्याच्या शिक्षणाची आणि सांगलीच्या लोखंडाची गाठ अशी पडलेली आहे.

आता येऊया प्रकाशाने ऑक्सिजन मोजण्याकडे

सांगली-साताऱ्यात आज साखर कारखाने आहेत, डिस्टिलरी आहेत, फौंड्री आहेत. बॉयलरमध्ये बगॅस जळतो. हवा बरोबर आहे का, हे ठरवायला धुराड्यातल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते बघतात. जळून झाल्यावर थोडा ऑक्सिजन उरायलाच हवा, इंधन आणि भट्टीनुसार साधारण २ ते ६ टक्के. शून्याजवळ गेला तर हवा कमी. १० वर गेला तर आपण फुकट हवा तापवतोय.

याचं सोपं गणित आहे. उरलेल्या ऑक्सिजनला, २०.९ मधून तोच आकडा वजा करून आलेल्या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. ऑक्सिजन ३ टक्के असेल तर जादा हवा सुमारे १७ टक्के. ६ टक्के असेल तर सुमारे ४०. आकडा दुप्पट झाला, पण जादा हवा दुपटीहून जास्त वाढली. म्हणून एकेका टक्क्याला महत्त्व.

हा ऑक्सिजन मोजायच्या दोन पद्धती प्रकाशावर चालतात.

पहिली लेझरची. प्रत्येक वायू ठरावीक रंगाचा प्रकाश गिळतो. ऑक्सिजन ७६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतो. हा लाल रंगाच्या अगदी टोकाचा प्रकाश, आपल्या डोळ्याला जवळपास न दिसणारा. सूर्यप्रकाश पसरून बघितला तर तिथे काळी रेघ दिसते, कारण आपल्या वातावरणातला ऑक्सिजन तो भाग वाटेतच गिळून टाकतो. जर्मनीच्या फ्राउनहोफरने १८१४ मध्ये या रेघांना अक्षरं दिली, तेव्हा हिला ए हे पहिलं अक्षर मिळालं.

यंत्रात धुराड्याच्या एका बाजूला लेझर आणि समोरच्या बाजूला तो टिपणारा सेन्सर बसवतात. लेझरचा रंग किंचित पुढेमागे सरकवत राहतात. ऑक्सिजनच्या रेघेवर आला की प्रकाश कमी होतो, बाजूला गेला की परत वाढतो. जितका खड्डा खोल, तितका ऑक्सिजन जास्त. धुरामुळे प्रकाश कमी झाला तरी तो रेघेवर आणि रेघेबाहेर सारखाच कमी होतो, त्यामुळे ठरावीक मर्यादेपर्यंत धूळ चालून जाते. वायूचा नमुना बाहेर काढावा लागत नाही आणि उत्तर काही सेकंदांत मिळतं.

दुसरी पद्धत चमकणाऱ्या रंगद्रव्याची. सेन्सरच्या टोकावर एक खास द्रव्य असतं. त्यावर प्रकाशाचा झोत मारला की ते क्षणभर लाल चमकतं. ऑक्सिजनचे रेणू त्यावर आदळले की ती ऊर्जा काढून घेतात आणि चमक लवकर विझते. चमक किती वेळ टिकली यावरून ऑक्सिजन किती ते कळतं. ऑक्सिजन कमी तेवढी चमक जास्त, म्हणून अगदी कमी ऑक्सिजन मोजायला ही पद्धत कामाची. टाकीत ज्वालाग्राही पदार्थावर नायट्रोजनचं पांघरूण घालतात, तिथे ऑक्सिजन वाढत नाही ना हे अशाने बघतात.

जुनी झिर्कोनियाची पद्धत अजूनही बॉयलरवर खूप चालते आणि चांगली चालते. पण तिचा सेन्सर साधारण ७०० अंशांना तापवावा लागतो. वायूत न जळलेलं इंधन असेल तर ते सेन्सरवरच जळतं, थोडा ऑक्सिजन खातं आणि आकडा कमी येतो. ज्वालाग्राही वायू असेल तर तापलेलं टोक धोक्याचंही ठरू शकतं. प्रकाशाच्या पद्धतीत ही अडचण येत नाही.

यंत्र बसवलं म्हणजे झालं का?

नाही. ऑपरेटरने सांभाळायच्या गोष्टी आहेत.

एक, हवेची गळती. धुराड्याच्या पत्र्याला भोक पडलं आणि बाहेरची हवा आत शिरली, तर यंत्र ऑक्सिजन जास्त दाखवतं. ऑपरेटर भट्टीची हवा कमी करतो. भट्टी गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. यंत्र खरं बोलत होतं, पण चुकीच्या हवेबद्दल.

दोन, लेझरच्या काचा. त्यांच्यावर राख बसू नये म्हणून वायूचा झोत सोडतात. तो हवेचा असेल तर त्यात २०.९ टक्के ऑक्सिजन आलाच, म्हणून तिथे सहसा नायट्रोजन वापरतात.

तीन, तापमान आणि दाब. गरम वायू विरळ होतो, त्यामुळे हे दोन आकडे यंत्राला बरोबर मिळाले नाहीत तर उत्तर चुकतं.

चार, पडताळणी. शुद्ध नायट्रोजनवर शून्य येतंय का, स्वच्छ हवेवर २०.९ येतंय का, हे ठरलेल्या वेळी बघायचं. आकडा बरोबर वाटतो म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. धुराड्यावरचं यंत्र भट्टीसाठी असतं, माणसासाठी नसतं. मळीची टाकी, गॅसचा खड्डा, बंद विहीर, यात उतरण्याआधी हातातल्या मीटरने आतली हवा वेगळी तपासावी लागते. १९.५ टक्क्यांच्या खाली ऑक्सिजन असेल तर उतरायचं नाही. १० च्या खाली माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो, मग तिसरा. दरवर्षी अशा बातम्या आपण वाचतो. त्या हवेला रंग नसतो, वास नसतो. ऑक्सिजन पूर्ण असला तरी विषारी वायू असू शकतो, म्हणून तोही वेगळा मोजायचा.

वाडी माणसांची होती

लक्ष्मणरावांचं मोठेपण नुसत्या यंत्रात नव्हतं. किर्लोस्करवाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतलं आणि रात्रीचा पहारा त्यांच्याच हाती सोपवला. लोकांना हे धाडस वाटलं. शाळा, वाचनालय, स्वच्छ घरं, बागा, हे सगळं त्या माळावर उभं राहिलं.

१९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेलं हे मासिक पुढे किर्लोस्कर झालं. त्याला स्त्री आणि मनोहर या मासिकांची जोड मिळाली आणि मराठी मध्यमवर्गाच्या विचाराला त्यांनी वळण लावलं.

मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परतला. त्याच सुमारास वाडीत पंप तयार होऊ लागले. मोटेवर जगणाऱ्या शेतीत पंप आला आणि पुढे डिझेल इंजिन. पुण्यात, हरिहरला, बंगळूरला नव्या कंपन्या निघाल्या.

सगळंच गोड नव्हतं. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीलाही आग लावली. ज्या माणसाने उभं आयुष्य आग ताब्यात ठेवण्यात घालवलं, त्याच्या कारखान्यावर ताब्यात नसलेली आग आली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. कारखाना परत उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

मग या गोष्टीतून घ्यायचं काय?

आपल्याला काय दिसत नाही, हे लक्ष्मणरावांना विशीच्या आतच कळलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि त्याला कवटाळूनही बसले नाहीत. जे दिसत नाही तिथे मापावर आणि दुसऱ्या जाणत्या माणसावर विश्वास ठेवला.

ऑक्सिजनच्या बाबतीत आपण सगळेच रंगांधळे आहोत. धुराड्यात तो किती उरला, टाकीत तो आहे की नाही, हे कोणाच्याच डोळ्याला दिसत नाही, कितीही अनुभव असला तरी. तिथे मीटरचा आकडा बघायचा आणि तो आकडा खरा आहे ना, हेही तपासायचं.

पुढच्या वेळी किर्लोस्करवाडी स्टेशन लागलं की खिडकीतून जरूर बघा. आणि तुमच्या ओळखीत कोणी बॉयलरवर किंवा टाकी सफाईच्या कामावर असेल, तर त्याला एवढंच विचारा, की तुझा मीटर शेवटचा कधी तपासला होतास?